उसने कान

गेल्या दिवाळीच्या पहाटे माझ्या हातून एक पराक्रम घडला. गंगापूर रोडवरच्या एका बागेत मांडव घातला होता. खुर्च्या भरल्या होत्या, समया तेवत होत्या, अत्तराचा आणि उटण्याचा मिळून एक खास दिवाळीचा वास सगळीकडे दरवळत होता. गवईबुवा डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून बसले होते. मागे दोन तंबोरे होते. बुवांनी हलकेच ओठ हलविले, आणि शेजारच्या चार खुर्च्यांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "वा! क्या बात है!"

बुवांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेतल्या तीन माना मागे वळल्या. हिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली आणि माझ्या कानाशी लागून म्हटले, "अहो, अजून तंबोरे जुळताहेत!"

असा प्रसंग जगात पूर्वी घडलेला नाही असे नव्हे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला होता. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी आपली वाद्ये जुळविली, आणि हजारो श्रोत्यांनी तेवढ्यालाच टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा रविशंकर मिस्किलपणे म्हणाले होते की, नुसते जुळविणेच एवढे आवडत असेल तर वादन त्याहून आवडावे. पण ते श्रोते बिचारे परदेशी! त्यांना कोण हसणार? मी पडलो नाशिकचा. पस्तीस वर्षे बैठकी ऐकून केस पिकविलेला. आमच्या कॉलनीत तर मला 'कानसेन' म्हणतात. कानसेनाने तंबोऱ्याला दाद द्यावी म्हणजे स्वयंपाकिणीने पाण्याला फोडणी देण्यासारखेच झाले.

मंडळी हसली, मीही हसलो. पण माझ्या हसण्यात फारसा जीव नव्हता. कारण मला जे कळले होते ते त्यांना कळले नव्हते. मला ते तंबोरे ऐकूच आले नव्हते.

हे दुःख केवढे ते समजायला आमच्या भागातला गाण्याचा हंगाम ठाऊक पाहिजे. होय, हंगामच म्हणायचा. पाऊस ओसरला, नाशिकभोवतीच्या द्राक्षमळ्यांतून ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू झाली, की इकडे आमच्या गाण्यालाही पालवी फुटते. कोजागरीला कुणाच्या तरी गच्चीवर आटीव दुधाबरोबर चार गाणी होतात. मग दिवाळीच्या पहाटा येतात. एक आमच्या रस्त्यावर असते, तर पाडव्याची तिकडे जुन्या नाशकात पिंपळपारावर. थंडी पडली की कधी कुसुमाग्रज स्मारकाच्या विशाखा सभागृहात, कधी कुर्तकोटी सभागृहात, तर कधी शालिमारच्या कालिदास कलामंदिरात बैठका होतात. आणि द्राक्षे बाजारात आली, चैत्र जवळ आला, की गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर हंगामाचा समारोप होतो. मळेवाल्यांचा आणि आमचा हंगाम असा जोडीनेच चालतो. फरक एवढाच की त्यांचे पीक टोपलीत मावते.

या हंगामाची माणसेही ठरलेली. डाव्या हाताला तिसऱ्या रांगेत आम्ही दोघे. आमच्यामागे एक निवृत्त मास्तर बसतात. ते गुडघ्यावर ताल धरतात आणि सम चुकली की कुणाचे लक्ष नाही ना हे पाहून घेतात. कडेच्या खुर्चीवरच्या वहिनी लोकरीचे विणकाम घेऊन येतात. विलंबित ख्यालात त्यांच्या सुया सावकाश चालतात आणि द्रुतात त्या मोजेच्या मोजे उरकतात, असे मी चेष्टेने म्हणतो. एक गृहस्थ केवळ मध्यंतरातल्या कॉफीसाठी येतात असा प्रवाद आहे. पण गेल्या दहा वर्षांत त्यांनी एकही बैठक चुकविलेली नाही, आणि कॉफी तर त्यांच्या घरीही होते. वर्षभर आम्ही एकमेकांकडे फारसे जात नाही. पण हंगामात एखादी खुर्ची रिकामी दिसली की तिच्यावर कुणी तरी रुमाल टाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी फोन जातो. तिकीट काढून गाणे ऐकण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. पण आपल्या खुर्चीवर कुणी रुमाल टाकावा, हे भाग्य काही तिकिटाने मिळत नाही.

या मंडळींत माझा मान होता, आणि तो एका गोष्टीमुळे होता. तंबोरा उत्तम जुळला, की खर्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप उमटतो, हे जाणकारांना ठाऊक आहेच. ती तार काही गांधाराला लावलेली नसते. कुणी तो वाजवीत नाही, कुणी गात नाही. तरी तो निघतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मी तो ऐकत असे. तेवढेच करून थांबलो असतो तर बरे होते. पण माझ्या हौसेला मोल नव्हते! प्रत्येक बैठकीच्या आरंभी मी हिच्या कानाशी लागून म्हणत असे, "आला बघ! गांधार!" ही म्हणायची, "मला नाही बाई ऐकू येत." मग मी पुन्हा समजावून सांगायचा. लग्नानंतरच्या पहिल्या बैठकीपासून आमचा हा शिरस्ता चालू होता. गुरुपदाचे एवढे स्वस्त सुख दुसरे नाही.

तो गांधार केव्हा नाहीसा झाला, ते मला सांगता येणार नाही. उजेड जातो तसा तो गेला. अमुक क्षणी गेला असे म्हणता येत नाही. आधी टाळांची किणकिण बोथट झाली. मग तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी उतरली. तबल्याचा बाया ऐकू येई, पण दाया कुणीतरी पलीकडच्या खोलीत वाजवीत असावा असे वाटे. गाण्यातले शब्द तर पार पुसट झाले. आणि या काळात मी काय केले? माणसे साधारणतः करतात तेच केले. लपविले. पुढच्या रांगेतल्या माना डोलल्या की मी डोलवायचो. मास्तरांचा हात गुडघ्यावर पडला की मी "वा" म्हणायचो. आणि बैठकीच्या आरंभी हिच्या कानाशी लागून, नेमाने, निर्लज्जपणे सांगायचो, "आला बघ! गांधार!"

म्हणजे दोन हंगाम मी चक्क उसन्या कानांनी काढले. आणि त्या दिवाळीच्या पहाटे पुढची रांग बेसावध राहिल्यामुळे माझे दिवाळे निघाले.

घरी आल्यावर फराळाचे ताट पुढे ठेवून हिने विचारले, "किती दिवस झाले?" बायका प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. मी चकलीचा मोठा तुकडा तोंडात घालून वेळ काढला. तेव्हा ही म्हणाली, "चकली मऊ पडली आहे. वाजत नाही म्हणून गप्प आहात, की वाजते ते ऐकू येत नाही म्हणून?" यापुढे काय बोलणार!

भाऊबीज झाल्यावर तपासणी करून घेतली. एका काचेच्या खोलीत बसवून, कानाला डबे लावून, बारीक-मोठे स्वर ऐकवितात. ऐकू आला की बोट वर करायचे. शेवटी एक आलेख हाती आला. सुरुवातीला रेघ सरळ आणि पुढे पांडवलेण्याच्या डोंगरावरून घसरल्यासारखी खाली. तपासणाऱ्या बाई फार गोड स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, वय झालं की आधी वरचे स्वर जातात. सगळ्यांचंच होतं. म्हणून तर आवाज येतो, पण शब्द कळत नाही. स, श, फ ही अक्षरं बारीक असतात ना!" मग यंत्र मिळाले. यंत्राने मला बरेच काही परत दिले. दूधवाल्याची घंटा, कुकरची शिट्टी, हिचे स्वयंपाकघरातून बोलणे. (शेवटची गोष्ट परत आल्याबद्दल मी योग्य तेवढा आनंद दाखविला.) पण गाणे परत आले नाही. ही यंत्रे मुख्यतः बोलणे कळावे म्हणून बेतलेली असतात. बारीक आवाज मोठा करायचा, मोठा आवाज आवळायचा, हे त्यांचे काम. ते बोलण्याला मानवते. पण गाण्याचा तर सारा जीवच लहान-मोठ्यात असतो. पहिल्याच बैठकीत सतार मला पत्र्याच्या डब्यात खडे वाजवावेत तशी लागली. गाण्यासाठी यंत्राची वेगळी जुळणी करता येते, असे नंतर कळले, आणि ती करूनही घेतली. पण त्या दिवशी मात्र मी मध्यंतरातच उठलो.

त्यानंतर मी जाणे सोडले. रागाने नव्हे, लाजेने म्हणा, हट्टाने म्हणा. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. "आज स्मारकात सरोद आहे," ही म्हणायची. "तू जाऊन ये," मी म्हणायचो. ही एकटी गेली नाही. मला वाटे, माझ्यासाठी थांबते बिचारी. आणि त्याचाच मला राग येई. स्मारक आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी कॉलनीतली मंडळी शाली पांघरून त्या वाटेने जाताना दिसत, आणि मी पडदा ओढून घेई. घरात बसून, कानाला यंत्र लावून, जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा प्रयत्न केला. जी गाणी पाठ होती ती बरी लागत. कारण अर्धे कान ऐकत, अर्धे आठवण गाई. पण ऐकून झाल्यावर कुणाकडे वळून पाहावे, तर समोर कपाट!

एका रात्री ही सरळ म्हणाली, "पलुस्करबुवांचं काय झालं होतं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

सांगत असे खरे. विष्णू दिगंबर पलुस्कर लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळे कायमचे अधू झाले. शाळेचे शिक्षण खुंटले, म्हणून मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला धाडले. पुढे याच माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत आणले. उत्तर आयुष्यात ते आमच्या नाशकात येऊन राहिले, पंचवटीत रामनाम घेत. आज त्यांच्या नावाचे सभागृह तिथे आहे. पाहुणे आले की त्यांना ही हकीकत मी मोठ्या अभिमानाने ऐकवितो.

"त्यांचे डोळे गेले तेव्हा ते गाण्याकडे वळले," ही म्हणाली. "तुमचे नुसते वरचे स्वर गेले, तर तुम्ही गाण्याकडे पाठ फिरवता!"

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री झोपही आली नाही.

शेवटी मला घराबाहेर काढले ते आमच्या नातीने. ती तबला शिकते. नववर्ष स्वागत यात्रेच्या निमित्ताने गोदाघाटावर 'अंतर्नाद' होतो. शहरातल्या निरनिराळ्या गुरूंचे शिष्य त्यात एकत्र गातात, वाजवितात, नाचतात. कुणी शाळेत जाणारे, कुणी नोकरी करणारे, कुणी निवृत्तीनंतर पेटी हाती धरलेले. महिनोन्महिने आपापल्या क्लासमध्ये तालीम करायची आणि त्या संध्याकाळी नदीकाठी एका तालात उभे राहायचे. गावाचा स्वतःचा वाद्यवृंदच म्हणा ना! नातीने एवढेच म्हटले, "आजोबा, तुम्ही नाही आलात तर मी वाजवणार नाही." ही धमकी होती, आणि धमकी द्यायला तिला तिच्या आजीने शिकविले होते, हे मी ओळखले. पण ओळखून काय उपयोग?

त्याच आठवड्यात आधी महावादन होते. शहरातली ढोलपथके एकत्र येतात. नाशिक ढोलाचे नाव आज सगळीकडे झाले आहे. पण खरे सांगायचे तर आम्ही कानसेन मंडळी त्याला थोडे नाकच मुरडीत आलो. तो काय कानांनी ऐकायचा, असे म्हणायचो. त्या संध्याकाळी माझे तेच वाक्य माझ्यापुढे उभे राहिले. पहिली थाप पडली आणि ती मला कानांत नव्हे, छातीत ऐकू आली. पायाखालच्या फरशीतून ती वर चढली. मी यंत्र काढून खिशात टाकले. शेजारचा तरुण मुलगा, पलीकडचे आजोबा, खांद्यावरचे तान्हे पोर आणि मी, आम्हा सगळ्यांना अगदी सारखेच ऐकू येत होते! दोन वर्षांत प्रथमच मी कुणाची मान न बघता मान डोलविली. कितीतरी महिन्यांनी डोळ्यांत पाणी आले. ढोलाने रडणारा मी नाशकातला पहिलाच रसिक असेन.

मग अंतर्नादाची संध्याकाळ आली. गोदेचे पाणी मावळतीने तांबूस झालेले. पटांगणावर ओळीच ओळी: पेट्या, सतारी, बासऱ्या, तबले, घुंगरू बांधलेल्या मुली. वर रविशंकर आणि अली अकबर यांचा उल्लेख आला आहे. पहिले अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य, दुसरे त्यांचे चिरंजीव. त्या खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास मैहरला साथीत पोरक्या झालेल्या मुलांना जमवून एक वाद्यवृंद उभा केला होता. त्यासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून 'नलतरंग' नावाचे वाद्य बनविले. आपले गाणे एकट्याने गायचे, असे आपण म्हणतो. पण थोर कलावंतांनाही अनेकांनी मिळून वाजविण्याची ओढ असतेच. पोरक्या मुलांना एकत्र बसवून वाजवायला शिकविणे म्हणजे त्यांना एक घर देणेच नव्हे काय? समोरच्या ओळी पाहताना हे सारे मनात येत होते, आणि मी नात शोधीत होतो. तबल्यांच्या ओळीत दुसऱ्या टोकाला ती दिसली. तिचे हात चालू लागले. शंभर हात चालू लागले.

मला घुमारा आला. बायांचा. वरचे बोल आले नाहीत. नात काय वाजवीत होती ते मला कळेना. माझा चेहरा पडला असावा. कारण हिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उलटा केला, आणि त्यावर बोटांनी बोल वाजवायला सुरुवात केली. ना, धिं, धिं, ना. मग तुकडा. मग तिहाई. समेला तिचे बोट माझ्या तळव्याच्या बरोबर मधोमध टेकले, आणि समोर शंभर हात एकदम थांबले.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुला एवढा ताल केव्हापासून कळतो?"

"रोज दोन तास घरात वाजवते ती. तुम्ही दार लावून बसायचात."

पाऊस झाला, आणि पुन्हा छाटण्या सुरू झाल्या. या वर्षीच्या हंगामाची पहिली बैठक परवाच विशाखा सभागृहात झाली. आम्ही दोघे चालत गेलो. माझी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर एक रुमाल टाकलेला होता. मास्तरांचा. गेला अख्खा हंगाम तो तसा पडत होता, असे वहिनींनी विणता विणता सांगितले. कॉफीवाल्या गृहस्थांनी माझ्या कानाकडे पाहिले आणि आपल्या कानामागचे तसलेच यंत्र हळूच दाखविले. चार वर्षांपासूनचे! म्हणजे मी पुढच्या रांगेवर विसंबून होतो, तर मागची रांग माझ्यावर! उसनवारीचा हा व्यवहार आमच्यात केव्हापासून चालला होता, देव जाणे.

तंबोरे जुळू लागले. या वेळी मी तोंड घट्ट मिटून बसलो. सभागृह हळूहळू शांत होत गेले. माझ्यापर्यंत पोचत होता तो एक अंधुक गुंजारव, धुक्यातून दिवा दिसावा तसा. एवढ्यात हिने माझा हात दाबला आणि कानाशी लागून म्हटले, "आला बघा. गांधार."

मी चमकून पाहिले. "तुला ऐकू येतो?"

"येतो की. पहिल्यापासून येतो."

"मग इतकी वर्षे 'ऐकू येत नाही' का म्हणत होतीस?"

"तुम्हाला सांगायची किती हौस!" ही म्हणाली. "म्हटलं, सांगू दे."

गवईबुवांनी षड्ज लावला. मी डोळे मिटले आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला. तिसऱ्या रांगेत, माझ्या डाव्या बाजूला, गांधार चांगला लागला होता.